ऊद वूडच्या शेजारी लहान सुगंधगृहाचा ऊद : पारख कशाच्या आधारे करावी?

इंदिरानगरची_वाचक यांचा प्रश्न

नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते आणि गेली चार वर्षे डिझायनर टॉम फोर्ड यांच्या कंपनीचे ऊद वूड हे परफ्यूम वापरते आहे. माझ्या भावाने ते दुबईहून आणले होते. पन्नास मिलिलिटरची ती बाटली मी इतकी जपून वापरली की अजूनही तळाला बोटभर शिल्लक आहे. पण आता ती संपत आली आहे आणि पुन्हा घ्यायची तर पाच आकडी रक्कम मोजावी लागेल. म्हणून गेल्या महिन्यात मी आपल्याच देशातल्या एका लहान सुगंधगृहाचा ऊद, म्हणजे अगराच्या लाकडाचा सुगंध, मागवला. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या एका बाटलीची स्तुती किंवा निंदा करण्यासाठी मी हे लिहीत नाही. दहा मिलिलिटरची कुपी, तिच्यावर हाताने लिहिलेला बॅचचा क्रमांक, आणि सोबतच्या कागदावर दोन विधाने : यात आसामी अगराचे खरे तेल आहे, आणि हा सुगंध जगप्रसिद्ध मूळ ऊदपेक्षा सरस आहे.

मनगटावर फवारल्याबरोबर मला आजोळचा गोठा आठवला. पावसाळ्यात दोन दिवस दार न उघडलेला गोठा, ओले चामडे आणि जखमेवर लावायचे आयोडीन, असे सगळे मिळून तो वास होता. यजमानांनी न बोलता खिडकी उघडली. मीही हात धुवायला उठले होते, पण फोन आला आणि ते राहून गेले. संध्याकाळी ओढणी घडी करताना तिच्या पदरातून जो वास आला तो मी ओळखलाच नाही. जुन्या शिसवी कपाटाच्या खणात मधाची बरणी कलंडून वाळून गेली असावी आणि तो खण आज उघडावा, तसा तो वास होता. ओढणी हातात धरून मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. ऊद वूडने माझ्यावर असा परिणाम कधी केला नव्हता, आणि त्याने मला गोठ्याचीही आठवण कधी करून दिली नव्हती.

आता माझी अडचण अशी आहे की या दोघांची तुलना करायला बसले की मोजमाप कोणते घ्यावे तेच कळत नाही. मूळ म्हणून ज्याची ख्याती आहे त्या ऊद वूडशी किती जुळते हे पाहावे, तर नवा सुगंध पहिल्या मिनिटालाच नापास होतो. खरा ऊद किती आहे हे पाहावे, तर ते माझ्या नाकाला कसे समजणार? आणि सुरुवातीचा तो वास हा करणाऱ्याचा निष्काळजीपणा मानावा की मालाचा स्वभाव मानावा? यजमानांचे मत स्पष्ट आहे की जो वास सहन करण्यासाठी चार तास वाट पाहावी लागते त्याला सुगंध म्हणू नये. आईने मात्र ओढणी हुंगून, हा देवघरातला वास आहे, असे सांगितले. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सातपूरचा_मिश्रक यांचे उत्तर

ताई, तुमच्या प्रश्नातल्या एका शब्दापाशी आधी थांबावे लागेल, आणि तो शब्द म्हणजे ‘मूळ’.

अगरबत्त्या आणि साबण यांच्यासाठी सुगंधी मिश्रणे तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षे काम केले. ऊदचे मिश्रण हवे अशी मागणी आली की माझा हात सर्वांत आधी नागरमोथ्याच्या तेलाच्या बाटलीकडे जात असे. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच नागरमोथा. त्याच्या तेलाला परदेशातले परफ्यूमर सायप्रिऑल म्हणतात आणि लाकडी, मातकट, किंचित धुरकट अशा त्याच्या वासामुळे ऊदचा आभास उभा करायला ते फार उपयोगी पडते. त्याच्या जोडीला वाळा, पचोली, चामड्याची छटा देणारी द्रव्ये आणि खूप वेळ टिकणारी कृत्रिम लाकडी रसायने घातली की अगराचा एक थेंबही न वापरता असा वास तयार होतो, जो बहुतेक लोक ऊद म्हणून आनंदाने स्वीकारतात. यात फसवणूक आहे असे मी मानत नाही. चित्रकार आंबा रंगवतो तेव्हा कॅनव्हासला रस लागलेला नसतो, तरी आंबा दिसतो.

ऊद वूड २००७ साली आले. रिचर्ड हर्पिन यांनी ते घडवले आणि टॉम फोर्डच्या प्रायव्हेट ब्लेंड या मालिकेच्या सुरुवातीच्या सुगंधांपैकी ते एक आहे. त्याआधी २००२ साली, टॉम फोर्ड ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशन कंपनीचे काम पाहत असताना, अल्बेर्तो मोरियास आणि जाक काव्हालिए यांनी केलेला एम सेव्हन हा सुगंध बाजारात आला होता. पाश्चात्त्य डिझायनर कंपनीने ऊद इतक्या उघडपणे पुढे ठेवण्याचे ते पहिले मोठे उदाहरण समजले जाते, आणि त्या वेळी तो फारसा खपला नाही. ऊद वूडने त्याच कल्पनेला वेगळे वळण दिले. सुरुवातीला वेलदोडा आणि सेचुआन मिरी, मध्ये ऊद, चंदन आणि वाळा, तळाशी टोंका नावाची गोडसर वासाची बी, व्हॅनिला आणि अंबर अशी त्याची मांडणी कंपनी सांगते. नाकाला जे जाणवते ते असे की त्यात ऊदचे सगळे कोपरे घासून गुळगुळीत केलेले आहेत. ज्याने आयुष्यात कधी अगर हुंगलेला नाही अशा माणसाला तो आवडावा, या हेतूने ते अतिशय कौशल्याने केलेले काम आहे, आणि म्हणूनच तो वास आज असंख्य लोकांच्या डोक्यात ‘ऊद’ या शब्दाचा अर्थ होऊन बसला आहे. म्हणजे ज्याला आपण मूळ म्हणतो त्याचे वय वीस वर्षांच्या आसपास आहे. अगर मात्र आपल्या भाषेत इतका जुना आहे की ‘अगरबत्ती’ म्हणताना त्यातला अगर आपल्याला ऐकूही येत नाही.

आता गोठ्याबद्दल. ॲक्विलेरिया वंशातल्या झाडाचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ निर्गंध असते. खोडाला भोके पाडणारी अळी लागली किंवा जखम झाली, आणि त्या वाटेने बुरशी आत शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी त्या भागात राळ साठवू लागते. वर्षानुवर्षे ती राळ मुरत जाऊन लाकूड काळपट आणि जड होते. उत्तम प्रतीचा तुकडा पाण्यात बुडतो. हेच अगर. तेल काढण्याआधी या लाकडाचा भुगा पाण्यात भिजत घालण्याची आसामकडची जुनी रीत आहे, आणि तो काही दिवसच नव्हे, कित्येकदा काही आठवडे भिजतो. त्या काळात तो आंबतो. तुम्हाला आलेला गोठ्याचा, चामड्याचा वास मुख्यतः त्या आंबण्यातून येतो. अरब व्यापारात या धाटणीच्या तेलाला ‘हिंदी’ म्हणतात आणि त्याचे चाहते नेमक्या त्याच वासासाठी पैसे मोजतात, तर कंबोडियाच्या धाटणीचे तेल गोडसर आणि फळांकडे झुकणारे असते.

म्हणून तो वास आला एवढ्यावरून निष्काळजीपणाचा ठपका ठेवता येत नाही. पण तो आला म्हणजे माल अस्सलच आहे असेही नाही, कारण त्या वासाची नक्कल करणारी मिश्रणेही आता सहज मिळतात. मी दोन गोष्टी पाहतो. पहिली म्हणजे आंबटपणा. भिजवण्याचे पाणी बिघडले असेल तर तेलाला शिरक्यासारखा किंवा साचलेल्या डबक्यासारखा वास येतो आणि तो शेवटपर्यंत मागे राहतो. दुसरी, आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, म्हणजे वासाची चाल. अगराच्या तेलातली बरीचशी द्रव्ये जड असतात आणि सावकाश उडतात, त्यामुळे चांगले तेल तासातासाला बदलते. नकली मिश्रण पहिल्या दहा मिनिटांत जे सांगायचे ते सांगून टाकते आणि मग तेच, फक्त हळू आवाजात, सांगत राहते. तुमच्या ओढणीने संध्याकाळी जे सांगितले ते सकाळी सांगितले नव्हते. मला ही बाब त्या कागदावरच्या दोन्ही विधानांपेक्षा जास्त बोलकी वाटते.

द्राक्षवेल यांचे उत्तर

मी अत्तरातला माणूस नाही. दिंडोरी तालुक्यातल्या एका वायनरीत चव आणि वास तपासण्याचे काम करतो. तरीही ताईंचा प्रश्न वाचून लिहावेसे वाटले, कारण गोठ्याच्या वासावरून आमच्याकडे होणारा वाद अगदी हाच आहे.

वाइनमध्ये ब्रेटनोमायसिस नावाचे यीस्ट शिरले की त्यातून फोर-एथिलफिनॉल नावाचे द्रव्य तयार होते आणि वाइनला तबेल्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास येतो. काही जण त्याला सरळ दोष म्हणून बाटली बाजूला ठेवतात. काही जुन्या फ्रेंच वाइनच्या चाहत्यांना तो वास थोडा नसेल तर वाइन अपुरी वाटते. इतकी वर्षे या टेबलावर बसून माझे मत असे झाले आहे की त्या वासाने फळाचा वास झाकून टाकला तर तो दोष, आणि त्याच्या असण्याने फळ उठून दिसले तर तो गुण. हे ठरवायला मात्र वेळ द्यावा लागतो आणि बाटलीवरचे नाव डोळ्यांआड करावे लागते. यजमानांनी खिडकी उघडली तेव्हा हातावर काय फवारले आहे आणि ते कोणाच्या जागी येऊ पाहत आहे, हे त्यांना ठाऊक होते.

त्यामुळे माझी विनंती अशी की मत बनवण्याआधी नावे झाकून परीक्षा घ्यावी. घरातल्या कोणीतरी, तुम्ही पाहत नसताना, एका मनगटावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा लावावा आणि कोणता कुठे हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे. दुसऱ्या दिवशी हात बदलावेत. फवारे मोजून समान करू नयेत, कारण मोठ्या कंपनीच्या बाटलीचा फवारा आणि दहा मिलिलिटरच्या कुपीचा फवारा यांत खूप फरक असतो. त्यापेक्षा दोन्हींतले थोडे थोडे लहान काचेच्या शिश्यांत काढून काडीने सारखे थेंब लावावेत. मग पाच मिनिटांनी, अर्ध्या तासाने, दोन तासांनी, सहा तासांनी आणि झोपण्यापूर्वी हुंगून, कोणाशीही बोलण्याआधी, दोन ओळी वहीत लिहाव्यात. बोलण्याआधी लिहिणे फार महत्त्वाचे आहे. आमच्या टेबलावर एकाने ‘लवंग’ म्हटले की बाकी सगळ्यांना लवंग येऊ लागते.

आणखी काही गोष्टी अनुभवाने सांगतो. नाक मनगटाला चिकटवून सतत हुंगू नये, कारण नाक त्या वासाला सरावते आणि मग सुगंध उडाला असा चुकीचा निष्कर्ष निघतो. लाकडी कृत्रिम द्रव्यांच्या बाबतीत तर काही माणसांना तो वास मुळातच कमी येतो किंवा येतच नाही. दुकानात कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्यांचा मला कधी उपयोग झालेला नाही. गच्चीवर जाऊन मोकळ्या हवेत दहा श्वास घ्यावेत किंवा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा वास घ्यावा. आणि हवामान विसरू नये. सध्या आपल्याकडे पहाटे जी थंडी पडते आहे तिच्यात जड सुगंध कातडीवर गोठल्यासारखे पडून राहतात आणि उशिरा उलगडतात. हीच परीक्षा एप्रिलच्या उन्हात घेतली तर गोठा कदाचित दहा मिनिटांत निघून जाईल, किंवा कदाचित सगळ्या जिन्यात पसरेल. म्हणून वहीत त्या दिवसाचे तापमानही लिहावे.

जुने_नाशिक_अत्तरवाले यांचे उत्तर

ताई, सातपूरच्या दादांनी लिहिलेले बहुतेक सगळे मला मान्य आहे; तरी हिशेबाची बाजू राहिली आहे ती मांडतो. आमच्या घरात अत्तराचा धंदा तीन पिढ्यांचा आहे. मोगलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, पण आमच्या दुकानातला माल पूर्वीपासून कनौजचा, आणि ऊद आसामकडचा.

‘यात खरे अगराचे तेल आहे’ या वाक्यात ‘किती’ हा शब्द नसतो. समजा, तुमच्या दहा मिलिलिटरच्या कुपीत वीस टक्के सुगंधी द्रव्य आहे आणि बाकी अल्कोहोल. म्हणजे दोन मिलिलिटर द्रव्य झाले. त्यातला दहावा हिस्सा अगराचे तेल धरला तर ते ०.२ मिलिलिटर, ढोबळमानाने ०.२ ग्रॅम. आता तेलाचा भाव तोळ्याला, म्हणजे ११.६६ ग्रॅमला, एक लाख रुपये धरला, तर त्या कुपीतल्या नुसत्या तेलाचीच किंमत सतराशे रुपयांच्या आसपास जाते. याहून स्वस्त तेल असते आणि याच्या कित्येक पट महागही असते. मी उदाहरणासाठी मधला आकडा घेतला आहे. तुम्ही कुपीला काय मोजले हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात बाटली, मजुरी, कर आणि नफा मिळवून हा हिशेब बसतो का ते पाहावे. बसत नसेल तर तेल एकतर नावापुरते आहे, किंवा हलक्या प्रतीचे आहे. खऱ्या अगराचा देशादेशांतला कायदेशीर व्यापार कागदपत्रांशिवाय होत नाही हेही लक्षात असू द्यावे. ॲक्विलेरिया मलाक्सेन्सिस हे झाड १९९५ सालापासून साइट्सच्या, म्हणजे संकटात असलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २००५ पासून या वंशातल्या सगळ्याच जाती त्या यादीत आल्या. आसामात होजाईच्या बाजूला लागवडीच्या झाडांवर हा उद्योग चालतो. प्रामाणिक विक्रेत्याला तेल कुठले आणि लागवडीचे की रानातले, असे विचारले तर तो चिडत नाही.

आता जिथे माझे मत वेगळे आहे ते सांगतो. मिश्रणापेक्षा अस्सल तेल आपोआप श्रेष्ठ, असा सूर अशा चर्चेत लागतो, तो मला पटत नाही. उत्तम तेल अल्कोहोलमध्ये ओतले म्हणजे परफ्यूम होत नाही. ऊद वूडमध्ये वेलदोड्यापासून व्हॅनिलापर्यंतचा प्रवास कुठेही ठेच न लागता होतो, आज घेतलेली बाटली आणि चार वर्षांपूर्वीची बाटली हुंगून माणसाला आपलाच सुगंध मिळाल्याचे समाधान वाटते, आणि हे साधणे फार अवघड आहे. लहान सुगंधगृहाची पुढची बॅच दुसऱ्या झाडाची, दुसऱ्या भट्टीची असणार. तुम्हाला ओढणीवर जो मध मिळाला तो पुढच्या कुपीत मिळेलच याची खात्री त्यांनाही देता येणार नाही. कोणाला हा फरकच हवा असतो, कोणाला तो चालत नाही, आणि दोन्ही बाजूंचे ग्राहक मी आदराने पाहिले आहेत.

एक प्रयोग मात्र जरूर करावा. ती कुपी दीड महिना अंधाऱ्या कपाटात ठेवून द्यावी. नुकतेच मिसळलेले मिश्रण कच्चे लागते. अल्कोहोलचा आणि तेलाचा मेळ बसायला वेळ लागतो, आणि लहान सुगंधगृहे मागणी आली की कित्येकदा लगेच बाटली भरून पाठवतात. गोठ्याचा काही भाग तेवढ्यानेही निवळतो. आणि शक्य असेल तर एकदा निव्वळ तेल हुंगून पाहावे. आमच्याकडे ते विकत घेण्याची सक्ती नाही. काचेच्या काडीच्या टोकाला लागेल तेवढेच तेल पंजाच्या मागच्या बाजूला लावून आम्ही गिऱ्हाईकाला घरी पाठवतो आणि संध्याकाळी या म्हणून सांगतो. निव्वळ तेलाची ओळख झाली की कुपीत ते किती आहे याचा अंदाज तुमचे नाकच देईल, आणि ऊद वूडमध्ये त्याचा आभास किती सुंदर उभा केला आहे हेही तेव्हाच समजेल.

कॉलेजरोडकर यांचे उत्तर

वरील सर्व माहिती मोलाची आहे. मला फक्त एवढेच मांडायचे आहे की सुगंध आपण एकटे हुंगत नाही. मी रोज अंबडपर्यंत कंपनीच्या बसने जातो आणि शेजारी बसलेल्या माणसाला सहा तासांनंतरचा मध मिळत नाही, त्याच्या वाट्याला सकाळची पहिली वीस मिनिटेच येतात. ताईंच्या यजमानांचे म्हणणे मला म्हणूनच योग्य वाटते. ज्याला हिंदी धाटणीचा ऊद आवडतो त्याने तो घरून निघण्याच्या दोन तास आधी, शक्यतो कपड्यांच्या आतल्या बाजूला, लावावा. परीक्षेच्या वहीत बाजूच्या माणसाच्या मतासाठीही एक रकाना असावा.

इंदिरानगरची_वाचक यांचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार मानते. उत्तर द्यायला पाच आठवडे लागले, कारण कुपी कपाटात ठेवणे आणि वहीची परीक्षा या दोन्ही गोष्टी करूनच लिहायचे ठरवले होते.

नावे झाकलेली परीक्षा आम्ही आठ दिवस केली. चिठ्ठ्या मुलीने सांभाळल्या. पाच मिनिटांच्या नोंदीत मी आठही दिवस दोन्ही सुगंध बरोबर ओळखले, त्यात काही विशेष नाही. मला धक्का बसला तो सहा तासांच्या नोंदीने. पाचव्या दिवशी डाव्या मनगटावरच्या वासाबद्दल मी ‘मऊ, उबदार, खोल, हाच खरा अगर’ असे लिहिले, आणि रात्री चिठ्ठी उघडली तर तिथे ऊद वूड होते. त्या दिवशी पहाटे पारा नऊ अंशांवर होता असे वहीत आहे. दोघांचे तळाचे सूर थंडीत एकमेकांच्या इतके जवळ येतात हे मला त्याआधी जाणवले नव्हते. सहाव्या दिवसापासून मी जास्त सावकाश हुंगू लागले आणि मग एक खूण सापडली : ऊद वूड शेवटी व्हॅनिलाकडे जाऊन थांबते, तर नवा सुगंध शेवटच्या घडीलाही थोडा कडवट राहतो, हिरड्यासारखा.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आलेल्या मैत्रिणींपैकी चौघींना मी थांबवून घेतले. आमच्या घरी हळदीकुंकवाला पंजाच्या मागे अत्तर लावण्याची रीत सासूबाईंनी अजून पाळली आहे, त्यामुळे एका हातावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा लावायला कोणी नाही म्हणाले नाही. लगेच विचारले तेव्हा चौघींनीही ऊद वूडच्या हातावर बोट ठेवले. घरी गेल्यावर, झोपण्यापूर्वी कोणता हात आवडतो ते कळवा, असे सांगितले होते. रात्री तिघींनी दुसरा हात कळवला. चौथीने लिहिले की तिने स्वयंपाकाआधी दोन्ही हात साबणाने धुतले, पण एका हाताचा वास गेलाच नाही, आणि तो कोणता हे सांगण्याची गरज नसावी.

नागरमोथ्याचीही गोष्ट सांगितली पाहिजे. दिवाळीतले उरलेले उटण्याचे पाकीट न्हाणीघरातल्या फळीवर होते. सातपूरच्या दादांचे उत्तर वाचून ते उघडले, चिमूटभर उटणे तळहातावर घेऊन कोमट पाण्याचे दोन थेंब टाकले आणि शेजारी ऊद वूड लावलेले मनगट धरले. चार वर्षे जो वास मी दूरदेशीचा म्हणून जपत आले, त्याच्या मधोमध मला नरकचतुर्दशीची पहाट सापडली. त्याने ऊद वूडची किंमत माझ्या लेखी कमी झाली नाही. उलट आता ते लावताना वेलदोडा कुठे संपतो आणि ती मातकट छटा कुठे सुरू होते हे मला कळते.

दीड महिन्याच्या मुरण्यातले पाच आठवडे झाले आहेत. गोठा पूर्वीइतका अंगावर येत नाही, चामडे मात्र तसेच आहे. डबक्याचा किंवा शिरक्याचा वास मला कधीच आला नाही. अत्तरवाल्या दादांचा हिशेब कुपीच्या किमतीवर मांडून पाहिला. तो जेमतेम बसतो, म्हणून विक्रेत्यांना पत्र लिहून तेल कुठले आणि किती, असे विचारले. त्यांनी कुठले ते सविस्तर कळवले, लागवडीचे आहे हेही सांगितले, प्रमाण सांगता येणार नाही असे नम्रपणे लिहिले. ‘मूळपेक्षा सरस’ हे वाक्य कागदावरून काढावे असे मी त्यांना सुचवले आहे, कारण ते वाक्य वाचले नसते तर पहिल्या दिवशी मी ऊद वूड डोक्यात धरून हुंगलेच नसते आणि त्यांच्या सुगंधावर पहिल्या वीस मिनिटांत झालेला अन्यायही झाला नसता. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.

कॉलेजरोडकरांचा रकाना यजमानांनी भरला. त्यांचे मत पहिल्या वीस मिनिटांपुरते बदललेले नाही. दोन तास आधी लावण्याची सूचना मात्र आम्हा दोघांना मानवली आहे. आता मी तो सकाळी अंघोळीनंतर लगेच लावते आणि डबे भरून होईपर्यंत वरच्या खोलीतच राहते.

मोठी बाटली सध्या कोणतीच घेतलेली नाही. अत्तरवाले दादा, निव्वळ तेल काचेच्या काडीवरून हातावर लावून मिळेल असे आपण लिहिले आहे. शनिवारी दुपारी आईला घेऊन आले तर चालेल का? तिला देवघरातला वाटला तो वास नेमका कशाचा, हे तिने स्वतः हुंगून सांगावे अशी माझी इच्छा आहे, आणि ओढणीही सोबत आणते.